पान

परळच्या लॅबमध्ये माझी खिडकी रिपोर्टांची.
पाकीट देते, सही घेते,
रोज वीसेक माणसं विचारतात, काय आलंय हो?
डॉक्टरांना दाखवा, म्हणते.
एकोणीस वर्षं हे एकच वाक्य.

संध्याकाळी मात्र अठ्ठ्याहत्तर पानं.
माझगावच्या अर्मेलिंडानं मुलीकडे लिस्बनला जाताना
बिस्किटांच्या डब्यातून दिलेली.
म्हणाली, अर्थ पाठ करू नकोस,
पुस्तकं घे, पण निवडून घे.
कशी निवडायची ते सांगायच्या आत टॅक्सी आली.

म्हणून शनिवारी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर
सेल्वराजच्या ढिगाशी मी उकिडवी.
तो पुस्तकं जाडीवर लावतो,
खाली इंजिनिअरिंग, मध्ये कायदा,
टॅरो त्याच्या मते ‘हेल्थ’,
मधुमेह आणि योगासनांच्या मधोमध.

माझी पद्धत साधी. आधी तेरावं पान काढायचं.
सांगाडा, पांढरा घोडा,
समोर हात जोडून उभा धर्मगुरू.
आणि बघायचं, पुस्तक माणसाशी कसं बोलतं.

एक म्हणतं, घाबरू नका, हा नुसता बदल.
नुसता!
पाकीट फोडून माझ्या खिडकीसमोरच उभा राहिलेल्या माणसाला
एकदा म्हणून पाहा, नुसता.
दुसरं चकचकीत, चार शब्दांत आटपतं:
अंत, तोटा, आजार, वियोग.
आमच्या मशीनचा कागदही याहून मायाळू,
निदान शेजारी नॉर्मल किती ते छापतो.
तिसऱ्यात ग्रह आहेत, हिब्रू अक्षरं आहेत, इजिप्त आहे,
फक्त समोरच्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही.

चौथं फाटकं. मुखपृष्ठ गेलेलं,
लिहिणाऱ्याचं नावही त्याच्याबरोबर.
तेराव्याच्या समासात पेन्सिलीनं, मराठीत:
आईला दिसलं. मी झाकलं. तिनं पुन्हा उघडलं.
पुढे सगळे समास कोरे.

पायाला मुंग्या आल्या तरी उठले नाही.
पान. पत्त्याचं तेही पान, पुस्तकाचं तेही पान.
आणि माणगावची माझी काकी
साप चावला म्हणत नाही, पान लागलं म्हणते.
आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते.
जाणारा जातो म्हणत नाही,
येतो म्हणतो, आणि चप्पल घालतो.
बोलायला लागल्यापासून हे पुस्तक
माझ्या तोंडात आहे,
खिडकीत बसले की तेवढं मिटते.

कितीला?
कव्हर नाय, तीस द्या.
आणि हे पण न्या, कोण घेत नाय.
मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक, जुनं.
मी वर्ष बघितलं. अण्णा गेले ते असेल तर?
नव्हतं. त्याच्या आदलं होतं.

चंद्राच्या पानाला चालेल, मी म्हटलं.
त्या पानात पाण्यातून एक शेवंड वर चढते.
सगळी पुस्तकं तिला भीती म्हणतात.
माहीमच्या हेमलता कोळणीला पान दाखवलं होतं,
ती म्हणाली, एवढीशीच? भाव नाही येणार.
तिचंही एखादं पुस्तक असतं तर
मी घासाघीस न करता घेतलं असतं.

घरी जाऊन कोष्टक चाळत बसले.
दिवसाला दोन भरत्या, मिनिटांसकट,
सगळं आधीच छापलेलं,
आणि सगळं खरं ठरून
पाणी केव्हाच परत गेलेलं.

सोमवारी लॅबच्या मागच्या खोलीतलं स्टूल
खिडकीपाशी आणून ठेवलं.
माझ्या बाजूला नाही. पलीकडच्या.